दात सरळ आले, पण बाईट बसेना! वरच्या-खालच्या दातांची मापंच जुळत नसतील तर काय करायचं?

अंबानगरीची_लेक

मंडळी, तारांवरचे जुने धागे सगळे चाळले. बहुतेक ठिकाणी "डॉक्टर कोण" आणि "खर्च किती" यावरच गाडी थांबलेली. माझा प्रश्न जरा आडवळणाचा आहे.

मुलगी नववीत. वरचे पटाशीचे दात एकमेकांवर चढलेले, एक सुळा पार वर. लातूरला तारा बसवल्या. अंबाजोगाईहून एसटीनं जाणं-येणं, शाळा बुडवणं, तार आवळली की दोन दिवस वरणभातावर काढणं, सगळं निभावलं. दात खरंच सरळ आलेत, पोरगी आरशापासून हलत नाही. आता तारा निघणार असं धरून चाललो होतो, तर डॉक्टर म्हणाले, "घाई नको. बाईट बसलेली नाही."

म्हणजे काय, तर वरचे पुढचे दात खालच्यांच्या थोडे पुढं यायला पाहिजेत, तिचे कडेला कड टेकतात. वरचे पुढं ढकलले तर मधे फटी पडतात. कारण मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचे जे दोन, ते तिचे मुळातच बारीक आहेत. खालचे मात्र चांगले रुंद. आता एक तर त्या बारीक दातांच्या बाजूला फट ठेवून तिथं कॉम्पोझिट (दाताच्या रंगाची भर) लावायचं, नाहीतर खालच्या दातांच्या बाजू घासून त्यांना बारीक करायचं.

घासणं म्हणलं की माझ्या पोटात गोळा येतो. निरोगी दात कशाला घासायचा? आणि माप जुळत नव्हतं तर ते पहिल्याच दिवशी कळत नव्हतं का? डॉक्टर चांगले आहेत, नीट बोलतात, म्हणून भांडणाचा प्रश्न नाही. पण कळून घ्यायचंय.

---

लातूरचा_पाव्हणा

आक्का, आमची आजी म्हणायची दातात फट असली की माणूस भाग्यवान, पैसा टिकतो. माझ्या दोन दातांत तर टूथपिक आडवी जाते. पैसा बहुतेक तिथूनच गळतोय.

---

परभणीची_काकू

अगं दात सरळ झाले ना? मग काढून टाक त्या तारा. कडेला कड टेकतात तर टेकू दे. उद्या बघायला येणारे काय दाताचे मिलिमीटर मोजणार आहेत?

---

हुरडा_स्पेशल

काकू, असं सांगू नका हो. आमच्या घरातच उदाहरण आहे. धाकट्या भावाच्या तारा "सरळ झाले की" म्हणून त्याच्याच हट्टानं लवकर काढल्या. कडेला कड टेकणारे दात. आज त्याच्या पुढच्या दातांच्या कडा झिजून सपाट झाल्यात, एकाचा कोपरा उडाला. ऊस सोलायचा तर तो बाजूच्या दातानं सोलतो. भुईमुगाची शेंग पुढच्या दातानं फोडता येत नाही. पत्रिका जुळली तरी जेवायचं त्याच दातांनी आहे.

---

परभणीची_काकू

बरं बाई. मी आपलं बोलले.

---

गोदाकाठ

मला या सगळ्या प्रकाराबद्दलच शंका आहे. नांदेडात शिक्षक म्हणून नोकरी झाली. पूर्वी वर्गात एकाही लेकराच्या तोंडात तार नसायची, आता बाकागणिक एक. आमच्या वडिलांच्या पिढीनं ज्वारीची कडक भाकरी, हरभऱ्याचे फुटाणे, ऊस यावर दात वापरले, आणि सत्तरीत बत्तीशी शाबूत. हल्ली बिस्किट दुधात बुडवून खायचं, आणि वर प्रमाण जुळत नाही म्हणून कानशीनं घासायचं. धंदा आहे नुसता.

---

खाम_काठचा

गुरुजी, सत्तरीत ज्यांची बत्तीशी शाबूत होती तेवढेच तुम्हाला आठवतात. बाकीचे चाळिशीत बोळकं घेऊन हिंडत होते, त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत.

मूळ प्रश्नावर: मी कारखान्यात मापं तपासायचं काम करतो, त्यामुळे हा विषय फारच आवडला. वरच्या-खालच्या दातांच्या रुंदीचं काही ठरलेलं गुणोत्तर असतं का? कुणी जाणकार?

---

दंतकथा

हजर. संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारातल्या दंत महाविद्यालयात शिकलो, तारांचंच काम करतो. मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नये, माहिती समजा.

वरची कमान खालच्या कमानीला बाहेरून झाकते, डब्यावर झाकण बसतं तशी. झाकण डब्यापेक्षा थोडं मोठं लागतं, पण नेमकं किती, यावर सगळं अवलंबून. अमेरिकेतल्या सिॲटलचे वेन बोल्टन यांनी १९५८ साली उत्तम बाईट असलेल्या दातांचे ५५ साचे घेऊन प्रत्येक दाताची रुंदी मोजली. पहिल्या दाढेपासून पलीकडच्या पहिल्या दाढेपर्यंत वर बारा, खाली बारा. खालच्या बारांची बेरीज वरच्या बारांच्या ९१.३ टक्के निघाली. फक्त पुढचे सहा, म्हणजे सुळ्यापासून सुळ्यापर्यंत धरले तर ७७.२ टक्के. आजही आम्ही हेच आकडे वापरतो.

हे प्रमाण बिघडलं की तारेनं कितीही खेचा, कुठंतरी उरतंच. खालचे दात प्रमाणाबाहेर मोठे असतील तर पुढचे कडेला कड येतात, नाहीतर वर फटी राहतात, नाहीतर खाली दाटी होते. वरचे मोठे असतील तर उलट: वरचे जास्त पुढं येतात किंवा खालच्यांना खोलवर झाकतात, किंवा खाली फटी. तार दाताची जागा बदलते, दाताची रुंदी बदलत नाही.

आणि ताईंच्या मुलीचे जे दोन दात बारीक आहेत ते अगदी ठरलेले गुन्हेगार. अक्कलदाढा सोडल्या तर वरच्या जबड्यात आकारानं सगळ्यात बेभरवशाचे हेच. कुणाचे बारीक, कुणाचे खुंटीसारखे टोकदार, कुणाचे येतच नाहीत. घराण्यात चालतं. ताई, तुमच्या किंवा मुलीच्या बाबांच्या घरात कुणाचे असे आहेत का बघा.

---

अंबानगरीची_लेक

डॉक्टरसाहेब, माझ्या सासूबाईंचे! आणि नणंदेचा एक दात तर नाहीच तिथं. एवढी वर्षं आम्ही तो लहानपणी पडून तुटला असं समजत होतो. आज फोन करून विचारलं तर म्हणाली, "पडलाच नाही, आलाच नाही."

---

लातूरचा_पाव्हणा

म्हणजे दोष सासरचा निघाला. आक्का, हा धागा प्रिंट काढून फ्रिजवर लावा.

---

अंबानगरीची_लेक

लावलाच समजा.

---

गोदाकाठ

डॉक्टरांनी भाकरीच्या मुद्द्याला बगल दिली.

---

दंतकथा

नाही दिली गुरुजी, वेळ मिळाला नव्हता. तुमचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. ऑस्ट्रेलियातले रेमंड बेग यांनी तिथल्या आदिवासींच्या दातांचा अभ्यास करून १९५४ मध्ये हेच मांडलं होतं. खरखरीत, कचकचीत अन्न चावून त्यांचे दात वरून तर झिजायचेच, पण एकमेकांना घासून बाजूंनीही झिजायचे. दाताची रुंदी आयुष्यभर कमी होत जायची आणि दात पुढं सरकून ती जागा भरून काढायचे. मऊ खाणाऱ्यांत ही झीज होत नाही, म्हणून दाटी, असं बेग यांचं म्हणणं. त्याच आधारावर ते उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्या मधले दात) काढून उपचार करायचे. पुढं या मांडणीवर बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. जबड्याची लांबी-रुंदी, दातांचं माप यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

पण मजा बघा. तुमच्या वडिलांची भाकरी जे काम पन्नास वर्षं हळूहळू करत होती, तेच आम्ही खुर्चीत बसवून करतो. तुम्ही ज्याला कानस म्हणता, ते.

---

गोदाकाठ

हे पटण्यासारखं आहे. तरीही भाकरी फुकट होती.

---

बोअरवेल

मी किनवटकडचा. आमच्या भागात वेगळंच दुखणं. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, त्यामुळे निम्म्या पोरांच्या दातांवर पांढरे पट्टे, तपकिरी डाग. माझ्या पुतण्याला तारा बसवल्या तर ते चिकटवलेले तुकडे टिकेनात. जरा कडक चावलं की हातात. दर वेळी नांदेडला जा, परत चिकटवून आण. डॉक्टर म्हणायचे तुम्ही कडक खाता. अहो, पोरगं महिनाभर खिचडी खात होतं.

---

दंतकथा

बोअरवेल भाऊ, खिचडीचा दोष नाही. ब्रॅकेट चिकटवण्याआधी दातावर फॉस्फोरिक ॲसिडचा जेल लावून पृष्ठभाग बारीक खडबडीत करतात. फ्लोराइड मुरलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, या ॲसिडला दाद देत नाही, नेहमीच्या वेळात हवा तसा खडबडीतपणा येत नाही. मग जास्त वेळ ॲसिड ठेवणं, वरचा थर हलका घासून घेणं, वेगळं बाँड वापरणं असे उपाय करावे लागतात. आपल्या भागात काम करणाऱ्यांनी हे धरूनच चालायला पाहिजे.

आणि घरात आठ वर्षांखालची लेकरं असतील तर त्यांच्या पिण्याच्या पाण्याचं आत्ताच बघा. पुढचे दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच हे डाग पडतात, नंतर पाणी बदलून पडलेला डाग जात नाही. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ ही शेवटची मर्यादा. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं. गावाला आरओ किंवा नदीचं नळाचं पाणी मिळत असेल तर पिण्यापुरतं तेच वापरा.

---

बोअरवेल

हे उकळण्याचं माहीत नव्हतं. आमच्या वहिनी मोठ्या काळजीनं वीस-वीस मिनिटं उकळतात. आजच सांगतो. धाग्याची गाडी भलतीकडं नेली, माफी.

---

अंबानगरीची_लेक

माफी कसली भाऊ. लेकीच्या दातावरही बारीक पांढऱ्या रेघा आहेत, कॉम्पोझिट चिकटेल का तेही विचारून घ्यायला पाहिजे.

---

पुण्यातली_बीडकर

मी पारदर्शक ॲलायनरवाली, म्हणजे तारेऐवजी दातांवर प्लास्टिकचे ट्रे. ऑफिसमध्ये तार नको म्हणून दीड लाखाच्या वर मोजले. ट्रेमध्ये हे प्रमाण वगैरे कॉम्प्युटर आधीच मोजून देतो, स्क्रीनवर शेवटचा चेहरासुद्धा दाखवतो. त्यांनी सुरुवातीलाच माझ्या चार ठिकाणी दातांच्या मधून ०.२, ०.३ असं घासून घेतलं. सँडपेपरसारखी बारीक पट्टी दातांमधून पुढंमागं करतात. आवाज कानात घुमतो, दुखत मात्र काही नाही, सुई नाही. मला तर तार आवळण्यापेक्षा तेच सोपं वाटलं. एवढं घाबरू नका ताई.

---

खाम_काठचा

कॉम्प्युटर स्क्रीनवर माझ्या कारखान्यातलं मशीनही कधी बिघडत नाही.

---

पुण्यातली_बीडकर

ते मान्य. स्क्रीनवर माझा एक सुळा जसा फिरलाय तसा तोंडात अजून फिरलेला नाही. दुसऱ्यांदा ट्रे आलेत.

---

रेशीमगाठ

बीडीएसच्या इंटर्नशिपला आहे, माझे दोन पैसे. कुणाला खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांत तारांचं काम खासगीपेक्षा बरंच स्वस्तात होतं. एमडीएसचे विद्यार्थी करतात, वर सर-मॅडम तपासतात. वेळ जास्त जातो, हे आधीच सांगते. पण तिथं एक फायदा: प्रत्येक पेशंटचा साचा काढून प्रत्येक दात मोजावाच लागतो. त्याशिवाय केस मंजूर होत नाही. आमचे पीजी रात्री अकराला हॉस्टेलवर कॅलिपर घेऊन प्लास्टरचे दात मोजत बसतात आणि बेरीज चुकली की परत पहिल्यापासून.

---

अंबानगरीची_लेक

काल परत जाऊन आले. डॉक्टरांना सरळ मापं मागितली. त्यांनी कुरकुर न करता सुरुवातीचा साचा काढला आणि माझ्यासमोर मोजून दिली. मिलिमीटरमध्ये:

वर: मधले दोन ८.७ आणि ८.७, शेजारचे बारीक ५.६ आणि ५.४, सुळे ७.७ आणि ७.७.
खाली: मधले दोन ५.४ आणि ५.४, शेजारचे ६.० आणि ६.०, सुळे ६.८ आणि ६.८.

पहिल्या दिवशीचा प्रश्नही विचारला. ते म्हणाले, दात बारीक आहेत हे दिसत होतं, फाईलमध्ये तशी नोंदही आहे. पण तेव्हा एवढी दाटी होती की आधी दात ओळीत आणून मग ठरवू, असा विचार केला. मला सांगायचं राहिलं.

---

खाम_काठचा

थांबा, मी करतो! वरची बेरीज ४३.८. खालची ३६.४. भागाकार ८३.१ टक्के. ७७.२ च्या बरंच वर. खालच्या ३६.४ ला जुळायला वर ४७.१ ते ४७.२ पाहिजेत, म्हणजे ३.३ ते ३.४ मिलिमीटरची तूट. वरची मापं कायम धरली तर खाली ३३.८ पाहिजेत, म्हणजे खालून २.६ काढावे लागतील.

पण एक हरकत नोंदवतो. अमेरिकेतल्या ५५ साच्यांवरून काढलेली सरासरी अंबाजोगाईच्या मुलीला कशी लावायची? आणि प्रत्येक दाताला ०.१ ची चूक धरली तर बारा दातांत मिलिमीटरभर इकडंतिकडं. आमच्याकडं असं माप कुणी पास करणार नाही.

---

दंतकथा

दोन्ही हरकती रास्त. भारतात वेगवेगळ्या ठिकाणी मोजलं तर सरासरी थोडी इकडंतिकडं येते. शिवाय बोल्टननं दाताची जाडी धरली नाही. वरचे दात मागून जाड असतील किंवा जास्त उभे बसले असतील तर तेच प्रमाण असूनही बाईट वेगळी बसते. म्हणून दीड मिलिमीटरच्या आतला फरक आम्ही सहसा मनावर घेत नाही. पण इथं तीनच्या वर आहे. बोल्टनच्या आकड्याला प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारण इकडंतिकडं, १.६५ होतं. दुप्पट धरलं तरी वरची मर्यादा ८०.५ पर्यंत जाते. ८३ त्याच्याही बाहेर. इथं अमेरिका-अंबाजोगाई हा वाद राहत नाही.

आता दोन वाटा. नुसतं खालून घासायचं तर २.६ काढावे लागतील. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत दातांमधल्या जागा पाच. एका जागेतून, दोन्ही दातांचं मिळून, जास्तीत जास्त ०.५ घेतात. पाच जागांतून २.५. म्हणजे सगळी मर्यादा संपवूनही पुरत नाही. आणि खालच्या पटाशीच्या दातांचं बाजूचं इनॅमल मुळात पातळ. मी हे करणार नाही.

नुसतं कॉम्पोझिट लावायचं तर ३.३-३.४ दोन दातांत वाटून प्रत्येकी १.७ च्या आसपास. ५.४ चा दात ७ च्या वर जाईल. मधल्या ८.७ च्या शेजारी तो जरा फुगीर दिसेल. चालेल, पण छान नाही.

म्हणून बऱ्याचदा अर्धं-अर्धं करतात. खालच्या पाच जागांतून फक्त ०.२ प्रमाणे १ मिलिमीटर घ्यायचा. खालची बेरीज ३५.४ होते, वर सुमारे ४५.९ लागतात, तूट २.१ वर येते. दोन्ही बारीक दातांना प्रत्येकी १ च्या जरा वर कॉम्पोझिट. ५.६ चा होईल साडेसहाच्या थोडा पुढं, म्हणजे नेहमीच्या मापाचा. ०.२ म्हणजे एका दाताच्या एका बाजूचं फक्त ०.१. नंतर गुळगुळीत पॉलिश करून फ्लोराइड लावतात. नॉर्वेच्या झाकरिसन यांनी खालचे पुढचे दात असे घासलेले पेशंट दहा वर्षांहून जास्त काळानंतर परत तपासले, २००७ साली ते छापून आलं. घासल्यामुळे किडी वाढल्याचं त्यांना दिसलं नाही.

पहिल्या दिवसाच्या प्रश्नाबद्दल: हो, पहिल्या साच्यावर हे मोजता येतं आणि मोजावं. पालकांना सांगावंही. "शेवटी कदाचित या दोन दातांना भर घालावी लागेल" हे एक वाक्य तेव्हा ऐकलं असतं तर ताईंना आत्ता धक्का बसला नसता. पण त्या डॉक्टरांच्या बाजूनं एक: त्यांनी तारा तोंडात असतानाच सांगितलं. तारा काढल्यावर सांगितलं असतं तर फट हवी तिथं ठेवायची सोयच राहिली नसती. कॉम्पोझिटसाठी जागा दाताच्या दोन्ही बाजूंना नीट वाटावी लागते, सगळी एकाच बाजूला राहिली तर दात एकीकडं फुगतो. ते काम तारच करते.

---

परभणीची_काकू

एवढं गणित आमच्या वेळी दहावीला असतं तर मी डॉक्टर झाले असते नाहीतर नापास.

---

हुरडा_स्पेशल

माझ्या चार उपदाढा काढल्या होत्या. मग हे ९१ टक्के वगैरे बदलत असेल ना?

---

दंतकथा

बदलतं. वर दोन, खाली दोन काढल्या तर एकूण प्रमाण ८७ ते ८९ टक्क्यांच्या आसपास येतं. पुढच्या सहांचं तेच राहतं, कारण त्यांना हात लावलेला नाही.

जाता जाता: दात काढायचे की नाही यावर आमच्या क्षेत्रात भावकीसारखं भांडण झालंय. १८९९ मध्ये दाढांच्या बैठकीवरून वेडेवाकड्या दातांचे तीन वर्ग पाडणारे एडवर्ड अँगल दात काढण्याच्या ठाम विरोधात. त्यांचाच शिष्य चार्ल्स ट्वीड. दात न काढता केलेल्या त्याच्या बऱ्याच केसेस परत बिघडल्या, तेव्हा त्यानं त्याच पेशंटच्या उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि दोन्ही साचे लोकांसमोर मांडले. पुढं १९७२ मध्ये लॉरेन्स अँड्र्यूज यांनी तारा न लावताच सुंदर असलेल्या १२० बत्तीशा तपासून चांगल्या बाईटच्या सहा किल्ल्या सांगितल्या. दातांची मापं जुळणं ही सातवी किल्ली, असं नंतर काहींनी जोडलं.

---

हुरडा_स्पेशल

माझे दात बसले होते छान. पण रिटेनर (दात जागेवर धरून ठेवायला तारा निघाल्यावर घालतात ते) घालायचा कंटाळा केला, खालचे परत तिरके झाले. ताई, लेकीला रिटेनरसाठी दटावा. तार निघाली की यांना वाटतं सुटलो.

---

पुण्यातली_बीडकर

ताई, एक अजून. कॉम्पोझिट चहानं पिवळं पडतं आणि कधीतरी कोपरा उडतो. माझ्या बहिणीनं काही वर्षांत परत करून घेतलं. तेवढी तयारी ठेवा. लेक मोठी झाली की पोर्सिलिनचं करता येतं.

---

दंतकथा

बरोबर. या वयात कॉम्पोझिटच योग्य, कारण त्यात दात कोरायचा नसतो, नुसती भर घालायची. हिरड्या अजून वर सरकत असतात, म्हणून पक्कं काम अठरानंतर. आणि तारा काढल्यावर आधी कॉम्पोझिट, मग रिटेनरचं माप. उलटं केलं तर रिटेनर बसणार नाही, परत पैसे.

---

अंबानगरीची_लेक

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलणं झालं. अर्धं-अर्धं त्यांनाही मान्य. आधी साच्यावर मेण लावून दात रुंद केल्यावर कसे दिसतील ते दाखवणार आहेत, मग तोंडात हात. पांढऱ्या रेघांचंही विचारलं, ॲसिड जरा जास्त वेळ ठेवू म्हणाले. कन्येनं मात्र अट घातलीय की शाळेच्या गॅदरिंगच्या आत तारा निघाल्या पाहिजेत. डॉक्टर हसले, हो म्हणाले नाहीत.

खालच्या घासण्याला मी हो म्हणलंय, ०.२ च्या वर नाही, हे त्यांच्याकडून फाईलवर लिहून घेतलं.

---

खाम_काठचा

कडक! टॉलरन्स लिहून घेतला. आमच्याकडं नोकरी पक्की तुमची. मेणाच्या साच्याचे फोटो काढून ठेवा, आणि स्कॅन केला असेल तर फाईल मागून घ्या. देतात का हो डॉक्टर?

---

रेशीमगाठ

मागितली तर देतात. पेनड्राइव्ह न्या.

---

बोअरवेल

डॉक्टरसाहेब, पुतण्याचं अगदी उलट आहे. वरचे मधले दोन फळीएवढे, खालच्या दातांत फटी. त्याचं पण असंच मोजून सांगता का?

---

दंतकथा

मोजून आणा, सांगतो. पण नवीन धागा काढा, नाहीतर काकू पुन्हा दहावीला बसतील.